उभ्याने खाल्लेलं

बोर्ली पंचतन
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय कमळ,

सप्रेम जय भीम.

पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, इकडे सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे मी एकटीच. फोन सोडून पत्र कशाला, तर फोनवर आपलं बोलणं होत नाही. तू फोडणीत असतेस, नाहीतर चांगदेव शेजारी बसलेला असतो, आणि त्याच्यासमोर त्याच्याच किडनीबद्दल काय बोलणार? व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तू नुसता अंगठा पाठवतेस. त्या अंगठ्यावरून मला काय कळायचं?

तर मुद्द्याचं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलेलं मी लिहून ठेवलंय. चांगदेवला किडनी बसवायची, तुझा रक्तगट जुळतो, बाकीच्या तपासण्या चांगल्या, अडलंय ते फक्त तुझ्या वजनावर. आज ब्याऐंशी आहे, ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बहात्तर दिसायला हवं. प्राप्तीचं बाळ अजून अंगावर पितं, त्यामुळे लेकीचा विषय नाही. मला शुगर नसती तर सख्खी बहीण म्हणून मीच पुढे झाले असते, हे तुला माहीत आहे. म्हणजे माझ्या भावाचा जीव आता तुझ्या ताटात आहे. हे कडक वाटेल, पण पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली, गोड बोलायची सवय राहिली नाही.

उपाशी राहू नकोस. ध्यानाच्या शिबिरात दहा दिवसांत मी जे शिकले तेवढंच कर. जेवायला खाली बस. एकच ताट वाढून घे. टीव्ही नको, फोन नको. घास हातात घेतलास की आधी त्याच्याकडे बघ. सावकाश चाव. गिळल्याशिवाय दुसऱ्या घासाला हात लावायचा नाही. आणि मनाला विचार, ही भूक आहे का दुसरंच काही? सकाळी समुद्रावर चालशील तेव्हाही गप्पा नकोत. टाच टेकली, पाऊल टेकलं, श्वास आला, गेला, एवढ्याकडेच लक्ष. लक्ष असलं की माणूस जास्त खातच नाही. पंधरा दिवसांनी काय खाल्लंस, किती चाललीस, वजन किती, सगळं हाताने लिहून कळव. सोबत सहा कोरी आंतरदेशीय पत्रं पाठवतेय, म्हणजे पोस्टात मिळाली नाहीत असं सांगता येणार नाही.

चांगदेवला आशीर्वाद. पाणी मोजून पितो ना?

तुझी,
मैना

नागाव
२६ नोव्हेंबर

वन्संना कमळचा जय भीम.

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. मी शेवटचं पत्र कधी लिहिलं ते आठवत नाही. अक्षराला हसू नका आणि लाल पेनाने चुकाही काढू नका.

घास बघायचा म्हणता, तर बघितला. मानसीबाईंच्या होमस्टेला शनिवार-रविवार चाळीस पानं असतात. पहाटे पाचला घावनं, दुपारी सुरमई नाहीतर कोलंबी, त्यातच कुणीतरी शाकाहारी निघतो. माझं जेवण चार वाजता. तुम्ही सांगितलंत म्हणून खाली बसले. पहिला घास बघितला, आमटीभात होता. दुसरा बघितला, तोच आमटीभात. तिसऱ्याला माझा डोळा लागला. मानसीबाईंनी हलवून उठवलं आणि उठायला ओट्याचा आधार घ्यावा लागला. पण एकच ताट घेतलं होतं, हे खरं.

चालायला मात्र रोज जाते. बनाना बोटवाले यायच्या आधी किनारा रिकामा असतो. टाच टेकली की टाच दुखते, पाऊल टेकलं की गुडघा दुखतो, श्वासाकडे बघायची पाळीच येत नाही. परवा लक्ष लावून चालले होते, तर आमचेच पाहुणे समोरून आले आणि म्हणाले, "काकी, चहा किती वाजता?"

वजन निकेशच्या दुकानात पोत्यांच्या काट्यावर केलं. त्याने आकडा एवढ्या मोठ्याने सांगितला की रेवदंड्यापर्यंत गेला असेल. साडेऐंशी. दीड किलो उतरलं.

यांचं चाललंय. मंगळवार-शुक्रवार अलिबागला डायलिसिस. येताना रिक्षात मान टाकून बसतात, घरी आल्यावर दोन तास पडून राहतात. नारळपाणी बंद आहे. नागावात राहून नारळपाणी बंद, म्हणून वाडीतून जाताना तोंड फिरवतात. मी जेवायला बसले की म्हणतात, "तू जेव गं, माज्याकडं बगू नको." मग घास बघायचा सोडून मी त्यांच्याकडेच बघते.

तुमची शुगर सांभाळा. एकट्या असलात म्हणून कंटाळा करू नका.

तुमची,
कमळ

बोर्ली पंचतन
५ डिसेंबर

प्रिय कमळ,

जय भीम. पत्र मिळालं. चुका काढल्या, पण मनातच.

झोप लागली यावर मी हसले, मग वाईट वाटलं. तरी तुला सोडणार नाही. चाळीस माणसांचं रांधतेस, समुद्रावर चालतेस आणि दिवसाला एकच ताट जेवतेस, तर दीड किलोच का? मुलं गृहपाठ केला म्हणून सांगायची तेव्हा मला लगेच कळायचं. तू मला बसून खाल्लेलं कळवलंस. उभ्याने खाल्लेलं कुठे आहे? एक दिवस, फक्त एक दिवस, तोंडात जे जे गेलं ते लिही. रागावणार नाही.

उद्या विहारात सहा डिसेंबरचा कार्यक्रम आहे. बाया म्हणतात, मैनाबाई, तुमच्या वहिनीसारखी वहिनी आम्हाला नाही. मीही मान हलवते. आमच्या घरात कुणी तुला तोंडावर म्हणत नाही, म्हणून मी लिहून म्हणते. तू करते आहेस ते मोठं आहे.

चार महिने राहिलेत.

मैना

नागाव
२४ डिसेंबर

वन्संना जय भीम.

तुम्ही शाळेतून निवृत्त झालात हे पोरांचं नशीब.

लिहिते. एकवीस तारखेचं, शनिवारचं आहे. पहाटे तव्यावरचं पहिलं घावन कधी धड निघत नाही, ते मोडतं. मोडकं पाहुण्यांच्या पानात जात नाही, ते माझ्या तोंडात गेलं. अशी चार मोडली. चटणीची चव बघितली. चटणी नुसती कशी कळणार, म्हणून पाचव्या घावनाचा तुकडा. तळताना सुरमईच्या दोन तुकड्यांचं शेपूट तुटलं. कोलंबीचं मीठ बघायला एक, पुन्हा खात्री करायला एक. भाताची खरपुडी. सोलकढीचा तळ. एका मुलीने मोदक नको म्हणून तसाच परत पाठवला, तो. आणि चार वाजता खाली बसून, शहाण्यासारखं, एक ताट.

वन्सं, मला हे खाणं वाटतच नव्हतं. आमच्या आईच्या स्वयंपाकघरातही तसंच होतं. मोडलेलं, करपलेलं, तळाला राहिलेलं ते रांधणारीचं, आणि त्याला जेवण कुणी म्हणायचं नाही. "आई, जेवलीस?" विचारलं की ती म्हणायची, "न्हाय गं, अजून पोटात काय न्हाय." आणि ती खरंच बोलत असायची, तिला तसंच वाटायचं.

दुसऱ्या दिवशी मी एक पातेलं घेतलं आणि मोडलेलं सगळं तोंडाऐवजी त्यात टाकत गेले. दुपारी झाकण काढलं तर दोन माणसांचं जेवण. ठमाबाई भांडी घासायला येते, तिच्या कोंबड्यांना दिलं. आता रोज तसंच करते. काटा अठ्ठ्याहत्तरवर आहे. निकेश म्हणाला, "काकी, आजारी हाय काय?"

चालताना आता गुडघ्याच्या पलीकडचं थोडं जाणवायला लागलंय. ओहोटीची वाळू पायाला गार लागते, एवढंच. पण ते बरं वाटलं.

नवीन वर्षाची गर्दी आहे. पुढचं पत्र उशिरा येईल.

कमळ

बोर्ली पंचतन
३० जानेवारी २०२५

प्रिय कमळ,

महिना होऊन गेला, तुझं पत्र नाही. फोन केला तर चांगदेव म्हणाला, "ती कामात हाय." त्याच्याकडूनच कळलं की संक्रांतीनंतर डायलिसिस चालू असताना त्याचं बीपी पडलं आणि तू बाहेर बाकावर बसून होतीस. मला का नाही कळवलंस?

काकांच्या प्रथमेशचा फोन आला होता, विचारत होता कमळवहिनींचं कुठवर आलं. मी सांगितलं, सगळं व्यवस्थित चाललंय. खोटं पाडू नकोस मला. मुंबईची तारीख चार एप्रिल मिळाली आहे. कंटाळा आला असेल, मला समजतं. पण आता मधेच सोडायचं नाही. घास बघ, कमळ. एवढं एकच सांगते.

मैना

नागाव
९ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही सांगितलंत म्हणून घास बघितला. काय दिसलं ते लिहिते. वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाका.

जानेवारीच्या दहा तारखेला काटा शहात्तरवर आला होता. निकेशने सगळ्या दुकानाला सांगितलं. घरी आले, यांना सांगितलं, यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दुपारी मी होमस्टेला जाऊन कोंबड्यांसाठी ठेवलेल्या पातेल्यातलं सगळं खाल्लं. उभ्याने. मग दर दोन-चार दिवसांनी तसंच. आज साडेसत्त्याहत्तर आहे.

परवा शुक्रवारी अलिबागहून यांना आणलं, निजवलं आणि कामाला गेले. पाहुणे नव्हते. मानसीबाई बाजारात गेल्या होत्या. पातेलं पुढ्यात होतं, हातात घावनाचा तुकडा होता. तुमचं आठवलं, ही भूक आहे का दुसरंच काही. भूक नव्हती. म्हणून तो तुकडा हातात धरून नुसती उभी राहिले. चांगला वेळ राहिले. आधी वाटलं दमले म्हणून खाते. दमले तर आहेच. मग वाटलं यांची काळजी. तीही आहे. पण त्याच्याही मागे बहात्तर हा आकडा उभा होता. तो जवळ आला की माझा हात पातेल्यात जातो. लांब गेला की मला झोप लागते.

वन्सं, मला किडनी द्यायची नाही.

गेल्या मे महिन्यात आपण सगळे तुमच्याकडे बसलो होतो. डॉक्टरांचा फोन आला, बायकोचा गट जुळतो. प्रथमेशभावजी म्हणाले, "चला, मिटलं. घरातच हाय." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा टाकायला उठले. ते उठणं म्हणजेच हो, असं सगळ्यांनी धरलं. चहा घेऊन आले तोवर तुम्ही सगळे तारखांवर बोलत होतात. मीही मग हो धरलं. "कमळ, तुझं काय?" असं तेव्हाही कुणी विचारलं नाही आणि आजपर्यंत विचारलेलं नाही. यांनीसुद्धा नाही.

नवरा वाईट नाही माझा. एकतीस वर्षं एसटीच्या डेपोत गाड्या दुरुस्त केल्या, घरी कधी आवाज चढवला नाही. त्यांनी जगावं असं मला वाटतं. पण मला कापून घ्यायची भीती वाटते. आणि भीतीपेक्षा जास्त, मी थकले. सासूचं केलं, पोरीचं बाळंतपण केलं, यांचं करते, चाळीस पानांचं करते. अंगातलं एवढं एक तरी माझं माझ्याकडे राहू दे, असं वाटतं. मग यांच्याकडे बघितलं की स्वतःची किळस येते.

बाया विहारात काय म्हणतात ते मला परत लिहू नका.

कमळ

बोर्ली पंचतन
६ मार्च

प्रिय कमळ,

तुझं पत्र आलं त्याला तीन आठवडे झाले. रोज उत्तर लिहायला बसले. पहिल्या उत्तरात तुला समजावलं होतं. दुसऱ्यात चिडले होते. दोन्ही फाडली. तुझं पत्र मात्र फाडलेलं नाही, त्याबद्दल माफ कर.

मला शुगर नाही.

तुझा रक्तगट बघायच्या दोन महिने आधी डॉक्टरांनी मला विचारलं होतं. मी मुंबईला प्राप्तीकडे राहायला गेले होते, तेव्हा चांगदेवबरोबर हॉस्पिटलात मीच होते. डॉक्टर म्हणाले, सख्खी बहीण आहात, गट जुळतो, वय चालेल, तपासण्या करून घ्या. मी जागच्या जागी म्हटलं, "मला शुगर आहे." कसं सुचलं कोण जाणे. कुणी तपासलं नाही, कारण शाळेतल्या बाई खोटं बोलतील असं कुणाला वाटत नाही. त्यानंतर गेलं वर्षभर मी सगळ्यांसमोर बिनसाखरेचा चहा पिते आणि घरी आले की साखर घालून दुसरा करते. आणि तुझ्या पत्रात "शुगर सांभाळा" वाचलं की पत्र उलटं ठेवते.

का म्हटलं, तेही सांगते. आमचे हे सात वर्षं अंथरुणावर होते. त्यांचं सगळं मी केलं, शाळा सांभाळून. ते गेले, निवृत्ती झाली, आणि दोनच महिन्यांत हा प्रश्न आला. मला वाटलं, आत्ता कुठे हे शरीर माझ्या ताब्यात आलंय. म्हणजे तुला वाटलं तेच. फक्त तू स्वतःशी ते कबूल केलंस आणि मी तुझं नाव पुढे केलं. हो, मीच डॉक्टरांना म्हटलं होतं, "भावजयीचा गट बघा."

शिबिरात दहा दिवस डोळे मिटून बसले. श्वास बघितला, घास बघितला, गुडघ्याची कळसुद्धा बघितली. ही एक गोष्ट समोर आली की मी श्वासाकडे वळायचे आणि त्यालाच ध्यान समजायचे. आणि चार महिने तुला लिहीत होते, घास बघ, घास बघ. मला लाज वाटते, कमळ. यापेक्षा मोठा शब्द मला येत नाही.

मी हॉस्पिटलात फोन करून खरं ते सांगितलं. एकवीस एप्रिलला मला बोलावलंय. चांगदेवला अजून काही माहीत नाही. चार तारखेला तुझी वेळ ठरली आहे. जायचं का नाही ते तुझं तू ठरव.

मैना

नागाव
१२ एप्रिल

वन्संना जय भीम.

तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण मला राग आला होता. एवढे महिने मी स्वतःला खादाड समजत होते, आणि तुम्ही मला घास मोजायला लावत होतात. एकदा तर एसटी पकडून, दिघीच्या जेट्टीने तुमच्याकडे यायचं आणि तुमच्या दारात भांडायचं असं ठरवलं होतं. पिशवीही भरली होती. पण तो मंगळवार होता, यांना अलिबागला न्यायचं होतं. राग अजून सगळा गेलेला नाही. तुमच्यापासून लपवत नाही, एवढंच.

एक मात्र झालं. तुम्हाला नववीच्या पोरीसारखं सगळं लिहून टाकलं, त्यानंतर पातेल्याकडे हात जाईना. मुद्दाम काही केलं नाही. घावन मोडतं, मी बाजूला टाकते, विसरून जाते. चारला बसून जेवते, जेवणाची चव लागते. सकाळी पाऊण तास चालते, त्यात पाऊण मिनिट लक्ष राहत असेल, पण राहतं.

चार तारखेला मुंबईला गेलो. तिथल्या काट्यावर एकाहत्तर किलो सहाशे भरलं. नर्सबाई म्हणाल्या, "वा, छान केलंत." हे तेव्हा बाहेरच होते. मग एका डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत घेतलं. दार लावलं. म्हणाल्या, "हे आम्ही प्रत्येकाला विचारतो. किडनी देण्याची तुमची स्वतःची इच्छा आहे का? इथे काय बोललात ते इथेच राहील. नसेल तर घरच्यांना आम्ही इतकंच सांगतो की तपासणीत बसत नाही."

वन्सं, एवढ्या महिन्यांत मला पहिल्यांदाच कुणी विचारलं. मी घाई केली नाही. श्वास आला, गेला. मग नाही म्हटलं. त्यांनी नुसतं लिहून घेतलं. विचारलं, घरी काय सांगू? मी म्हटलं, वजनाचं सांगा.

बाहेर आले तर हे बाकावर बसले होते. विचारलं, "काय म्हनल्या?" मी म्हटलं, "हितल्या काट्यावर वजन बसत न्हाय." त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "जाऊ दे. लय केलंस तू. माज्यापायी पोट मारलंस." मला रडू आलं, तेव्हा त्यांनी मलाच थोपटलं. परत येताना रिक्षात त्यांनी माझ्या खांद्यावर मान टाकली आणि झोपले. मी सबंध वाट जागी होते.

त्यांना खरं सांगायचं धाडस आज नाही. पुढे होईल का, माहीत नाही. सुटले असं वाटतं आणि ते वाटलं की परत यांचा हात आठवतो. दोन्ही मी बघते. तुम्हीच शिकवलंत.

आता एकवीस तारीख तुमची. त्या बाई तुम्हालाही एकटीला आत घेतील, दार लावतील आणि तेच विचारतील. माझ्या रागाला भिऊन हो म्हणू नका आणि लाजेपायीही म्हणू नका. हो म्हणालात तर तुमच्या दोघांच्याही पथ्याचं मी रांधीन, सहा महिने लागोत का वर्ष. नाही म्हणालात तर बाहेर काय सांगायचं ते त्या बाई सांगतील, आणि खरं कारण मी तुम्हाला आयुष्यात कधी विचारणार नाही.

तुमची,
कमळ